शेवटच्या घटकाची गोष्ट

विद्यापीठाचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळाच्या बैठकीत बदलतो, असे आपण धरून चालतो. बैठक होते, जुन्या मजकुराला नवे घटक जोडले जातात, विद्या परिषदेची मान्यता येते आणि जूनच्या सुमारास महाविद्यालयांना परिपत्रक पोहोचते. त्या परिपत्रकात स्त्रिया, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त हे शब्द कुठे येतात ते जरा पाहावे. बहुतेक वेळा ते शेवटच्या घटकात सापडतात. शेवटच्या घटकाचे नशीब शिकवणाऱ्याला सांगायला नको. गणपती, युवक महोत्सव, निवडणुकीची कामे, अंतर्गत परीक्षा यांतून सत्र सरत आलेले असते. प्रश्नपत्रिकेत त्या घटकावरचा प्रश्न पर्यायी असतो आणि गाईडमध्ये त्याच्या वाट्याला दीड पान आलेले असते. ‘पोर्शन’ कागदोपत्री पूर्ण होतो आणि तो घटक ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सुटतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राचा इतिहास अनेक बाजूंनी लिहिता येईल. संशोधन प्रकल्प आहेत, पदव्या आणि पदविका आहेत, प्रकाशने आहेत, चळवळींशी असलेले नाते आहे. या स्मरणिकेसाठी मी एकच बाजू धरली आहे: शिकवणाऱ्यांसाठी या केंद्राने काय केले. केंद्राचे सर्वांत टिकाऊ काम हेच, असे माझे मत आहे. नोंदही याच कामाची सर्वांत कमी झाली. संशोधनाचा अहवाल निदान कपाटात तरी राहतो. नगर किंवा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात एका शिक्षिकेचा समाजशास्त्राचा तास कसा बदलला, याचा अहवाल कोण ठेवणार?

केंद्राची स्थापना १९८७ ची, पण गोष्ट सुरू होते त्याआधी पंधरा-सोळा वर्षे आणि पुण्याबाहेर. भारत सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. ‘टुवर्ड्‌स इक्वालिटी’ हा तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीस आला. १९०१ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ च्या जनगणनेत त्या ९३० वर आल्या होत्या. कामकरी स्त्रियांचे प्रमाण घटत होते. राज्यघटनेतली समता पंचवीस वर्षे वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना या आकड्यांनी खडबडून जागे केले. आकडे काही गुप्त नव्हते. जनगणनेच्या छापील खंडांत ते होते आणि ते खंड ग्रंथालयांत होते. ते कोणी उघडून शिकवत नव्हते, एवढेच.

त्याच १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापक नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. देशातल्या विद्यापीठांत असा हा पहिलाच. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात काढलेल्या आणि पुढे मुंबईला गेलेल्या महिला विद्यापीठातच तो निघावा, हे साजेसे होते. थोडे गमतीचेही होते. मुलींना शिकवणाऱ्या विद्यापीठाला मुलींविषयी काय शिकवायचे हा प्रश्न पडायला जवळजवळ साठ वर्षे लागली. नीराबेनांचा स्वतःचा अभ्यास मात्र जुना होता. ‘वुमन इन मॉडर्न इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १९५७ चे. मैत्रेयी कृष्णराज या अर्थशास्त्राच्या अभ्यासक त्यांना येऊन मिळाल्या आणि दोघींनी मिळून वाचनसाहित्य, सूची, टिपणे यांचा असा साठा उभा केला की दुसऱ्या विद्यापीठातल्या शिक्षकाला तो मागवून वापरता यावा.

एप्रिल १९८१ मध्ये एसएनडीटीत स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी ‘इंडियन असोसिएशन फॉर वुमेन्स स्टडीज’ ही संघटना जन्मली. या परिषदेतला वाद आजही शिळा झालेला नाही. स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय करायचा, की सगळ्या विषयांकडे पाहण्याची ती एक दृष्टी आहे असे मानून ती प्रत्येक विषयात मुरवायची? वेगळा विभाग केला तर त्याला खोली मिळते, पदे मिळतात, अनुदान मिळते आणि बाकीचे विभाग ‘तो विषय तिकडे शिकवतात’ म्हणून निर्धास्त होतात. दृष्टी म्हणून सगळीकडे मुरवायची म्हटले तर ती कोणाचीच जबाबदारी राहत नाही. परिषदेचा कौल दृष्टीच्या बाजूने होता. माधुरीबेन शहा या एसएनडीटीच्या माजी कुलगुरू त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या, त्यामुळे हा विचार आयोगाच्या दारापर्यंत पोहोचायला फार फिरावे लागले नसणार. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण हे सूत्र आले. आयोगाने स्त्री अभ्यास केंद्रांची योजना आखली आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठाला असे केंद्र मिळाले.

तोवर पुण्यात आणि महाराष्ट्रात बरेच काही घडून गेले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिणारे चौघेही कायदा शिकवणारे होते: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्या पत्रातून देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कायद्याच्या वर्गात निकाल कसा वाचायचा याचा हा वस्तुपाठ होता. पुण्यात १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणाने घराघरांत चर्चा सुरू केली आणि विद्या बाळ यांच्या पुढाकाराने नारी समता मंच उभा राहिला. म्हणजे केंद्र निघाले तेव्हा रस्त्यावर विषय तापलेला होता. वर्गात तो आला नव्हता.

का आला नव्हता? शिक्षकांची अनास्था हे सोपे उत्तर झाले. खरी अडचण पुस्तकांची होती. पुण्याला या बाबतीत केवढा वारसा आहे पाहा. १८४८ मध्ये भिडेवाड्यातली मुलींची शाळा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा १८५५ चा निबंध. त्याच वर्षी फुल्यांनी लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’. पण ‘स्त्रीपुरुषतुलना’ १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ती वाचायला मिळणेच दुर्मीळ होते. शिक्षकाची कितीही इच्छा असली तरी जे पुस्तक ग्रंथालयात नाही ते तो संदर्भसूचीत कसे घालणार? आणि इंग्रजीतून आलेले स्त्रीवादी लेखन हाती पडले तरी संगमनेरच्या किंवा मनमाडच्या वर्गात ते तसेच्या तसे वाचून दाखवता येत नव्हते.

केंद्राच्या पहिल्या पर्वात विद्युत भागवत यांनी हा खड्डा ओळखला. त्यांचा पिंड मराठी साहित्यावर आणि विचारपरंपरेवर पोसलेला. संत कवयित्रींपासून समकालीन लेखिकांपर्यंतचे मराठी लेखन हाच स्त्रीवादी विचाराचा आधार होऊ शकतो, ही मांडणी त्यांनी सातत्याने केली. त्यांचे ‘स्त्री-प्रश्नाची वाटचाल’ हे पुस्तक कितीतरी शिक्षकांच्या टेबलावर पाहिले आहे. स्त्रीवाद ही पश्चिमेकडून आलेली आयात आहे, असे स्टाफरूममध्ये कोणी म्हणाले की पूर्वी गप्प बसावे लागायचे. आता उत्तर देता येऊ लागले, तेही मराठीत.

शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता होता तो उजळणी वर्गाचा, म्हणजे ‘रिफ्रेशर’चा. ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजची योजनाही १९८६ च्याच धोरणातून आली. तेव्हा ओरिएंटेशन चार आठवड्यांचे, रिफ्रेशर तीन आठवड्यांचा आणि बढतीसाठी दोन्ही सक्तीचे. खरे सांगायचे तर रिफ्रेशरला बरेच जण प्रमाणपत्रासाठी येतात. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी चर्चा असते ती बढतीसाठीच्या ‘कॅस’ योजनेच्या फाईलची आणि राहण्याच्या सोयीची. स्त्री अभ्यासाच्या रिफ्रेशरला तर आणखी एक गंमत: आपल्या विषयाचा वर्ग त्या वर्षी नाही, सुट्टीत हाच बसतो, म्हणून आलेले पुरुष प्राध्यापक. हात बांधून मागच्या रांगेत बसलेले. मला वाटते, केंद्राचे यश मोजायचे तर याच मंडळींवरून मोजावे. आधीपासून पटलेल्यांना पटवण्यात काय मोठेपणा?

या मंडळींना भाषणाने काही होत नाही. ‘तुम्ही पुरुषी दृष्टीने शिकवता’ असे म्हटले की दारे बंद. त्यांचाच घटक, त्यांचेच पाठ्यपुस्तक समोर ठेवून एखादा प्रश्न विचारला की मात्र ते पुढे सरकून बसतात. उदाहरणार्थ इतिहासातला आपला नेहमीचा घटक घ्या: ‘एकोणिसाव्या शतकातील सामाजिक सुधारणा’. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, ईश्वरचंद्र विद्यासागर, महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित, पुढे कर्वे. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेले, गुण ठरलेले. आता इथे कोणीतरी विचारते: हा प्रश्न नेमका कोणत्या विधवांचा होता? पाट लावण्याची, मोहतूर लावण्याची चाल कितीतरी जातींत आधीपासून होतीच. तिथल्या विधवेला पुन्हा संसार करायला कायद्याची वाट पाहावी लागत नव्हती. कायदा झाला तो ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता त्यांच्यासाठी.

इथवर आले तरी पुष्कळ, पण गोष्ट पुढेही जाते. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गमावते. मग ज्या जातींत पाट आधीपासून रूढ होता त्यांच्यावर हे कलम लागू करायचे का? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने लागू होते, असा पवित्रा घेतला. म्हणजे उच्चवर्णीय विधवेच्या मुक्तीसाठी केलेल्या कायद्याने शेतकरी-कष्टकरी जातीतल्या एखाद्या विधवेची जमीन गेली असण्याची शक्यता निर्माण झाली. हे एवढे समोर आले की मागच्या रांगेतला इतिहासाचा प्राध्यापक वही उघडतो. यात त्याला कोणी स्त्रीवाद शिकवला नाही; त्याचाच घटक त्याला पुन्हा शिकवावासा वाटला. आणि मुख्य म्हणजे त्यासाठी शेवटचा घटक लागला नाही. पहिल्याच घटकात स्त्री आणि जात दोन्ही आली.

नव्वदच्या दशकात हे काम अवघड झाले आणि म्हणूनच महत्त्वाचेही. मंडल आयोगाच्या शिफारशींच्या अंमलबजावणीची घोषणा १९९० ची, डॉ. आंबेडकरांची जन्मशताब्दी १९९१ ची. विद्यापीठाच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी बदलत होते: घराण्यातले पहिले पदवीधर, मराठी माध्यमातून आलेले, वसतिगृहात राहणारे, शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर महिना काढणारे. स्टाफरूममध्ये ‘दर्जा घसरला’ हे वाक्य या काळात जितके ऐकू आले तितके कधीच आले नसेल. विद्यार्थी बदलले, शिकवणे बदलले नाही आणि दोष मात्र विद्यार्थ्यांच्या नावावर जमा झाला.

शर्मिला रेगे यांचे काम इथे आठवते. समाजशास्त्राच्या शिक्षिका, पुढे केंद्राच्या संचालक. समाजशास्त्र आणि स्त्रीवादी अध्यापन यांचा संबंध काय, यावर त्यांनी १९९५ मध्येच ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’मध्ये लिहिले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर दलित स्त्रियांचा महासंघ स्थापन झाला, बीजिंगची जागतिक महिला परिषद झाली आणि दलित स्त्रियांनी आपला आवाज वेगळा आहे हे स्पष्ट सांगितले. १९९८ मध्ये रेगे यांचा दलित स्त्रियांच्या भूमिकेविषयीचा निबंध ‘इकॉनॉमिक ॲण्ड पोलिटिकल वीकली’त आला आणि स्त्री अभ्यासाच्या क्षेत्रात घरातल्या घरात वाद पेटला. स्त्री अभ्यास म्हणजे कोणत्या स्त्रियांचा अभ्यास, हा प्रश्न आता केंद्राला स्वतःलाच विचारावा लागत होता. काहींना तो टोचला. पण दुसऱ्या विभागांना ‘तुमच्या अभ्यासक्रमात कोण नाही?’ असे विचारणाऱ्या केंद्राने आपलीही संदर्भसूची उघडून दाखवावी, हे न्यायाचेच होते.

मराठीत साहित्य तर हाताशी होते. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ चे, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ दोन्ही १९८६ ची. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. पण ही पुस्तके मराठी साहित्याच्या पेपरात ‘दलित आत्मकथने’ या खणात बसवलेली. समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या शिक्षकाला ती आपली वाटत नव्हती. रेगे यांच्या ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६) या पुस्तकाने आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजविज्ञानाचे साधन म्हणून वाचायला शिकवले. १९४२ च्या नागपूर परिषदेत दलित स्त्रियांनी कोणते ठराव केले, हे राज्यशास्त्राच्या वर्गात यावे अशी गोष्ट आहे, हे त्यानंतर अनेकांना कळले. लावणी आणि पोवाड्यावरचे रेगे यांचे लेखही असेच. करमणुकीच्या खात्यात टाकलेली गोष्ट त्यांनी श्रम, जात आणि लैंगिकता यांच्या अभ्यासात आणली.

केंद्रातल्या वर्गाचे एक फळ मला विशेष आवडते. २००९ मध्ये केंद्राने ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक काढले. दलितांच्या अन्नाच्या इतिहासाविषयी आणि आठवणींविषयीचे हे पुस्तक जात आणि लिंगभाव यांच्या अध्यापनातून, आत्मकथनांच्या वाचनातून आकाराला आले. आत्मकथने वाचताना पानोपानी भूक दिसते, अन्न दिसते. मग ‘भारतीय थाळी’ म्हणून जी मिरवली जाते तिच्यात हे अन्न कुठे आहे? मराठी घरात पाककलेचे प्रमाण म्हणजे कमलाबाई ओगले यांची १९७० ची ‘रुचिरा’. चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, किंवा रक्तापासून केलेली रक्ती, यांची कृती तिच्यात शोधायला जाऊ नये. पाककृतींची पुस्तकेही इतिहासाची कागदपत्रे असतात आणि त्यांच्यातही कोणी असते, कोणी नसते, हे कळायला जाडजूड सिद्धान्ताची गरज पडत नाही.

आणि हे फक्त ‘संस्कृती’पुरते राहत नाही. येसकर-पाळीला गावात घरोघर फिरून महाराने भाकरी गोळा करायची, ही प्रथा आत्मकथनांत वारंवार येते. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने ती वाचली तर त्याच्या लक्षात येईल की ही वेतनाची पद्धत आहे. मजुरी ठरलेली नाही, मोजमाप नाही, नकाराची सोय नाही. शिळी मिळाली तरी ती बिदागीच. श्रमाच्या अर्थशास्त्रातला वेतनाचा घटक इथून सुरू करता येतो. मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नाविषयीचे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आले, त्यामुळे तिथल्या शिक्षकाला तर आता निमित्तच उरले नाही.

मात्र अशा घटकाचा एक धोका केंद्रात वारंवार चर्चिला जावा इतका खरा आहे. पुस्तक चांगले, हेतू चांगला आणि शिक्षक भर वर्गात एखाद्या मुलाकडे वळून विचारतो, ‘सांग बरं, तुमच्याकडे काय काय खातात?’ पस्तीस माना वळतात. त्या मुलाची जात वर्गाला कळते. कदाचित ती त्याने सांगितलेलीही नसते. अभ्यासक्रमात सगळ्यांना आणायचे म्हणजे वर्गातल्या कोणाला नमुना करायचे नाही, हे शिक्षकाला कोणी शिकवत नाही. बी. एड.मध्येही नाही आणि प्राध्यापकाला तर बी. एड.ही लागत नाही. नेट झाली की थेट फळ्यासमोर. विभाग सर्व थरांतल्या विद्यार्थ्यांना आपला कसा वाटेल, यासाठी केंद्राने पुस्तिकाही तयार केल्या. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर कसे बोलावे इथपासून वर्गातल्या इंग्रजीच्या दडपणापर्यंतचे प्रश्न त्या वाटेने चर्चेत आले.

इंग्रजीचे तर विचारूच नका. वाचनसाहित्य इंग्रजी, चर्चा अर्धीमुर्धी इंग्रजी, उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा. म्हणजे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने मधले भाषांतर एकट्याने, रात्री, वसतिगृहात करायचे. केंद्राने वर्ग दोन्ही भाषांत चालवायचा प्रघात पाडला. याला वेळ लागतो. तासाचा निम्मा भाग तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगण्यात जातो आणि इंग्रजी माध्यमाची मुले कंटाळतात असाही आक्षेप येतो. पण जे मराठीत सांगता येत नाही ते आपल्यालाच नीट कळलेले नाही, हे या प्रघाताने आधी शिक्षकांना कळले.

२०१० मध्ये रेगे यांनी ‘तृतीय रत्न’च्या आधाराने फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनाची मांडणी करणारा निबंध लिहिला. फुल्यांच्या नाटकात पुरोहिताकडून नाडलेले कुणबी जोडपे शेवटी शाळेत जायला निघते. त्या नाटकाला अध्यापनशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचणे हे धाडसाचे होते. १३ जुलै २०१३ रोजी त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी आंबेडकरांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरच्या लेखनाचे त्यांनी केलेले संपादन प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये विद्यापीठालाच सावित्रीबाईंचे नाव मिळाले. केंद्राने ते कितीतरी आधी घेतलेले होते.

पुढचा काळ अनुदानाच्या चिंतेचा. बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि योजनेतून चालणाऱ्या देशभरातल्या स्त्री अभ्यास केंद्रांपुढे आता काय, हा प्रश्न उभा राहिला. निषेध झाले, निवेदने गेली, मुदतवाढी आल्या. वर्षा-दोन वर्षांच्या मुदतवाढीवर चालणाऱ्या संस्थेत तरुण शिक्षकाने पाय रोवून काम करावे अशी अपेक्षा ठेवणे कठीण आहे. तरी लोक काम करतात. ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजचे मधल्या काळात मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून मालवीय मिशनचे शिक्षक प्रशिक्षण केंद्र. पाटी बदलत राहते, रिफ्रेशर ऑनलाईन झाला. कॅमेरा बंद ठेवून स्वयंपाक उरकत ऐकणाऱ्या प्राध्यापिकेला मी दोष देणार नाही, पण चहाच्या वेळचा वाद त्यात हरवला हे खरे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची विभागणी आणली आहे. दोन श्रेयांकांचे छोटे पेपर, खुले ऐच्छिक विषय. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी लिंगभावाचा पेपर घेऊ शकेल, ही चांगली बाजू. तो दोन श्रेयांकांत संपेल आणि मुख्य विषय निर्धास्त राहतील, ही १९८१ च्या वादाची नवी आवृत्ती. केंद्राचा पसाराही आता वाढायला हवा. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल कायद्याच्या वर्गाबाहेर फारसा गेलेला नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी आपण रॅम्प बांधतो, पण अपंगत्व हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे अभ्यास मंडळांना अजून पटायचे आहे.

सर्वांत मोठी मोकळी जागा वाणिज्य शाखेत आहे. आजवरच्या सगळ्या कामाचा भर सामाजिक शास्त्रांवर आणि साहित्यावर राहिला. बी. कॉम.च्या ज्या तुकड्यांत मुलींना बसायला बाक पुरत नाहीत त्यांच्यापर्यंत यातले काहीच गेलेले नाही. ‘व्यवसाय संघटन’ या पेपरात अंबानी आणि टाटा असतात. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेले लिज्जत पापडाचे काम क्वचित असते, असले तर ‘यशोगाथा’ म्हणून चौकटीत. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या जागी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण म्हणून त्यांच्याकडे एकमेकींशिवाय काही नव्हते. बँकिंगच्या पेपरात तारण, पतपात्रता आणि परतफेड हे तीन मुद्दे पहिल्याच घटकात असतात. वाणिज्य शाखेच्या दहा-बारा शिक्षकांना बोलावून, त्यांचाच तो घटक समोर ठेवून, खानावळवाल्या बाईची कर्जाची फाईल कशी तयार झाली असेल इथून सुरुवात करायला केंद्राला फार अनुदान लागणार नाही. वाणिज्याच्या अभ्यास मंडळाने एक बैठक तेवढी द्यावी.